तेवीस कॉक आणि एक जास्तीचं नाव

जिजा घारे हिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं, तेव्हा साजगावच्या त्या कारखान्यात निम्म्या लोकांना वाटलं की पोरीचा कोणी मामा मंत्रालयात असणार. मामा होता, पण तो भिसेगावात पिठाची गिरणी चालवायचा. खरी गोष्ट अशी की जिजा दोन वर्षं पॅकिंगला लेबलं चिकटवत होती, आणि पिंपाला चुकीचं लेबल आलं की ती ते लावायचीच नाही. सुपरवायझर कितीही तणतणला तरी नाही. आत निळा असताना मी लाल कसा लावू, एवढंच म्हणायची आणि हाताची घडी घालून उभी राहायची. असलं माणूस पॅकिंगला फार दिवस टिकत नाही. एकतर त्याला काढून टाकतात, नाहीतर टिपणीस साहेबांसारखा एखादा वेडा येऊन उचलून नेतो.

कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, विचारू नका. कपड्याचे रंग व्हायचे तिथं, एवढं पुरे. साल एकोणनव्वद. टिपणीस मूळचे पेणचे, मुंबईत शिकलेले, डोक्यावर केस थोडे आणि आत उत्साह पोतंभर. त्यांनी वर्षभर अर्ज खरडून एक कॉम्प्युटर मिळवला, त्याला थंड हवेची खोली बांधून घेतली, आणि मुंबईहून फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात ‘सी प्लस प्लस’ नावाची नवीकोरी भाषा आणली. शेडमधली माणसं उन्हाळ्यात घामानं निथळत त्या खोलीच्या काचेतून बघायची आणि म्हणायची, यंत्राला हवा गार, माणसाला वाफ. त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या भाषेत म्हणे प्रत्येक गोष्टीचा आधी साचा करायचा. ही वस्तू काय काय करू शकते ते त्या साच्यात लिहायचं. मग त्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायचं. पेणच्या माणसाला गणपतीखेरीज दुसरं उदाहरण कुठून सुचणार? साचा एक, मूर्ती शंभर, आणि जी ज्याच्या घरी जाईल त्याच्या नावाची चिठ्ठी तिच्या पाटाखाली. पाइपावरच्या कॉकचंही तसंच, असं ते जिजाला सांगायचे. कॉकचा साचा एक. त्याला उघडता येतं, बंद करता येतं, आणि आत्ता तू कसा आहेस असं विचारताही येतं. त्यातून शेडमधले सगळे कॉक काढायचे. उघडझाक माणसंच करणार, पण केली की फोन करून कळवणार. जिजा ते यंत्रात घालणार. टाकी भरण्याआधी यंत्र सगळं ताडून सांगणार, भरा किंवा थांबा.

भिंतीवर टिपणीसांनी नियमांचा कागद डकवला होता. साच्याचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करा, वस्तूचं लहान. वस्तूनं करायच्या कामाचं नाव हुकमासारखं असू द्या, उघड, बंद कर, सांग. आणि खाली तांबड्या शाईनं लिहिलं होतं की नाव असं ठेवा, जे सहा महिन्यांनी परक्या माणसालाही वाचून कळेल. क१, क२, क३ असली नावं ठेवणाऱ्याला ते सरळ तोंडावर आळशी म्हणायचे. दुसऱ्याला नावं ठेवायला अख्खी दुनिया हुशार असते हो, पण एका वस्तूला धड नाव ठेवायला बसवा, घाम फुटतो.

जिजाला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. मे महिन्याच्या एका शनिवारी मुंबईहून मोठे मॅनेजर येणार, त्यांच्यासमोर चाचणी होणार. जमली तर काम इथंच राहणार आणि जिजा कायम. नाही जमली तर सगळं काम मुंबईच्या एका कंपनीकडं जाणार, खोलीला कुलूप लागणार, आणि पॅकिंगमध्ये तिच्या जागी तर कधीच दुसरी बाई उभी राहिली होती. तिची आई गौराबाई आधीच अख्ख्या भिसेगावात सांगून बसली होती की आमची जिजा कंपूटर शिकवते. शिकते नाही, शिकवते. आईला कोण समजावणार?

तर जिजा वही घेऊन ॲसिडच्या शेडमध्ये गेली. शेडचा नकाशा पंधरा वर्षांपूर्वीचा, त्यानंतर पाइप किती वेळा फिरवले ते देवाला ठाऊक. कॉकवर आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या होत्या, पण ॲसिडच्या वाफेनं निम्म्या खाऊन टाकलेल्या. मग काय, माणसांनाच विचारायचं.

शेडचा मुख्य माणूस नागू. पन्नाशीचा, पंचवीस वर्षं त्याच शेडमध्ये, गाव खालापूरच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला. बोलका, मिश्किल. त्यानं तिला एकेका कॉकशी ओळख करून दिली, सोयरिक जमवायला आल्यासारखी. हा रडका, कायम गळतो. हा म्हातारा, दोघं लागतात फिरवायला. हा शिट्टीवाला, उघडला की वाजतो. आणि हा जनाचा, कारण हौद धुणारी जना आपला डबा रोज त्याच्याच दांडीला अडकवायची. जिजाला फार मजा वाटली. तिनं सगळी नावं तशीच्या तशी लिहून घेतली. माणसं ज्या नावानं हाक मारतात तेच यंत्रातही असावं, नाही का? टिपणीसही खूश झाले. पोरीनं कॉकांचं बारसं केलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले.

वरच्या टाकीच्या खाली, हौदाच्या अंगाला एक कॉक होता. त्याची पाटी धड होती, सतरा. जिजानं विचारलं, नागूकाका, हा कोण? नागू दुसरीकडं बघत म्हणाला, हाय एक. शेजारचे दोघंही एकदम कामाला लागले. जिजाला वाटलं, वापरात नसेल. तिनं वहीत लिहिलं, सतरा, आणि ती पुढं चालली.

पुढं टाकी भरण्याची रीत विचारायला ती त्यांच्याबरोबर चहाला बसली. तेव्हा नागूनं सांगितलं की वरची टाकी भरायच्या आधी पल्याडचा बंद पाहिजे, म्हणजे पाहिजेच, त्यात हयगय नाही. पल्याडचा म्हणजे कुठला, असं तिनं विचारलं. कोणी तरी हौदाच्या दिशेला हनुवटी उडवली. जिजानं लिहिलं, पल्याडचा, टाकीआधी बंद. वहीतली नावं मोजली तर चोवीस कॉक भरले. खरेदीच्या जुन्या कागदावर तेवीस होते. मधल्या काळात एक वाढला असेल, असं जिजा आणि टिपणीस दोघंही धरून चालले. एवढी हुशार माणसं, पण वहीवर विश्वास ठेवला, उठून मोजायला कोणी गेलं नाही.

चाचणीचा शनिवार आला. मोठे मॅनेजर गोरेपान, घामेजलेले, घड्याळाकडं बघणारे. आज ॲसिड नाही, नुसतं पाणी वापरायचं ठरलं होतं. आज यंत्र सांगेल तसंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही, अशी टिपणीसांनी शेडमध्ये ताकीद दिली होती. सकाळी नागूचा फोन आला, पल्याडचा बंद. जिजानं घातलं. मग पदू नावाच्या फिटरची चिठ्ठी आली. हा खोपोलीचा, पंधरवड्यापूर्वी लागलेला. सतरा नंबरला ग्रीस मारलं, उघडा ठेवलाय. जिजानं तेही घातलं. अकरा वाजता तिनं यंत्राला विचारलं, टाकी भरू का? पडद्यावर आलं, भरा.

टाकी भरायला लागली आणि खालच्या हौदात धो धो पाणी कोसळलं. हौदात जना वाकून झाडू मारत होती. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली, उठून उभी राहिली आणि वर बघून असल्या शिव्या दिल्या की मोठ्या मॅनेजरांनी रुमालानं तोंड झाकलं. दोन-तीन माणसं हसली. नागू हसला नाही. तो पांढराफटक पडून कठड्याला धरून उभा होता. जिजा काचेच्या खोलीतून धावत आली तेव्हा तिला एवढंच दिसलं की जना ओलीचिंब आहे, आणि हे पाणी होतं म्हणून ती उभी आहे.

मोठ्या मॅनेजरांना फार बोलायचं नव्हतंच. मुंबईच्या कंपनीशी बोलणं झालेलं आहे, असं त्यांनी टिपणीसांना ऐकवलं. टिपणीसांनी त्यांच्याकडं एक आठवडा मागितला. कसा मागितला ते जिजानं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, पण मोटारीच्या दाराशी वाकून, टोपी हातात धरून. मॅनेजर म्हणाले, पुढचा शनिवार, आणि काच वर केली.

त्या दुपारी जिजानं सगळ्या नोंदी कागदावर छापून काढल्या. पल्याडचा, बंद, सकाळी आठ. सतरा, उघडा, सकाळी दहा. ती त्या दोन ओळी कितीतरी वेळ बघत बसली. मग उठली, वही काखोटीला मारली आणि शेडमध्ये जाऊन एकेका कॉकला हात लावून मोजू लागली. तेवीस. पुन्हा मोजले. तेवीसच. कॉक एक होता, त्याला नावं दोन होती, आणि तिनं साच्यातून वस्तूही दोन काढल्या होत्या. एक बंद, एक उघडी. यंत्र बिचारं बंद असलेल्याला विचारून आलं होतं.

हे तिला आधीच कळायला हवं होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला. ती काय मुंबईहून आली होती? तिच्या घरी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची सोय नव्हती. लांबडं म्हणायचं. आईनं जन्मात वडिलांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. ज्याची भीती किंवा ज्याचा मान, त्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी होतं. आणि तरी तीन माणसं एका कॉकसमोर उभं राहून दुसरीकडं बघतात, तेव्हा हिनं सरळ आकडा लिहून घेतला. शिकलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, दिसतं त्यापेक्षा छापलेलं खरं.

नागू पायरीवर बसला होता. तिनं त्याच्यासमोर कागद धरला. त्याला वाचता येत नव्हतं, पण काय ते कळलं. मग त्यानं हळूहळू सांगितलं. अकरा वर्षांमागं त्याचा धाकटा भाऊ गोमा याच शेडमध्ये होता. हा कॉक त्याच्या अंगावर उलटला. ॲसिड होतं. एक डोळा गेला, डाव्या हाताची बोटं आखडून गेली. तेव्हापासून शेडमध्ये तो आकडा कोणी उच्चारत नाही. पोती मोजतानासुद्धा सोळा, सोळा-एक, अठरा असं मोजतात. नव्या माणसाला कोणी सांगत नाही, तो आपोआप शिकतो. पदूला पंधराच दिवस झाले होते, तो शिकला नव्हता.

टिपणीसांच्या दृष्टीनं दुरुस्ती सोपी होती. दोनातलं एक नाव पुसून टाक, म्हणाले. पण कुठलं? सतरा ठेवलं तर शेडमधलं कोणी ते फोनवर सांगणार नाही. पल्याडचा ठेवलं तर उद्या येणाऱ्या फिटरला ते पाटीवर सापडणार नाही. मग जिजाच म्हणाली की चूक मुळातच आहे. रडका, म्हातारा, शिट्टीवाला, ही नावं तरी काय सांगतात? कॉकचा स्वभाव सांगतात. आत काय आहे ते एकही सांगत नाही. सहा महिन्यांनी परका माणूस आला तर त्याला काय कळणार? टिपणीसांनी भिंतीवरच्या आपल्याच तांबड्या अक्षरांकडं पाहिलं आणि कबूल केलं की बारशाला पेढे वाटायची घाई त्यांनीच केली होती.

नवी रीत तिनं बसून ठरवली. प्रत्येक कॉकच्या नावात तीन गोष्टी, त्याच क्रमानं. आत काय, कुठून, कुठं. यंत्रात जे नाव तेच पाटीवर आणि तेच फोनवर. एकाला एकच. त्या हिशेबानं ह्या कॉकचं नाव झालं, ॲसिड-वरचीटाकी-हौद. नावात गोडी काही नव्हती, पण परक्यालाही कळलं असतं.

नागूनं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. "जिजे, बाकी बाविसांची नावं बदल, मी माज्या मानसांना शिकवीन. त्याचं नको. नाव दिलं की ते जागं व्हतं. मी तं घेनार नाय, आनि मी नाय घेतलं तं शेडमंदी कोनी घेनार नाय." हे शेवटचं तो खरं बोलत होता. नागू म्हणजे शेड. त्याच्या तोंडून जे नाव निघत नाही ते कागदावर कितीही सुबक लिहा, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. शनिवारी फोनवर पुन्हा पल्याडचा म्हणणार आणि सगळं मुसळ केरात.

रविवारी जिजानं खोपोलीहून एसटी पकडली आणि ती गोमाच्या गावी गेली. कशासाठी जातेय हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. परवानगी मागायला म्हणा. ज्या माणसाच्या दुखण्यावर सगळे बोट ठेवायला घाबरतात, त्याला कोणीतरी विचारावं, एवढंच डोक्यात होतं.

गोमा राबाच्या जागेवर होता. पेरणीआधी भाजायची म्हणून पालापाचोळा आणि शेण जमिनीवर पसरत होता, उजव्या हातानं, आणि डाव्या कोपरानं टोपली अंगाशी दाबून. जिजानं आपण कोण ते सांगितलं. त्यानं टोपली खाली ठेवली, बायकोला, ठमीला, पाणी आणायला हाक मारली, आणि पोरीला उन्हातून आंब्याखाली नेलं. जिजानं शनिवारची हकिगत सांगितली. दोन नावं, जना, पाणी. सोळा-एकचं सांगितलं तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

"अकरा वरसं आकडा नाय घेत?" तो म्हणाला. "माज्यापाई?"

त्याला हे माहीतच नव्हतं. तो त्या दिवसानंतर कारखान्यात गेला नव्हता, आणि भाऊ घरी कारखान्याचा विषय काढत नव्हता. मग गोमानं जे सांगितलं ते नागूनं पायरीवर बसून सांगितलं नव्हतं. त्या वर्षी गोमा लावणीसाठी आठ दिवस रजेवर होता. त्या आठ दिवसांत पाइप फिरवले. आधी त्या कॉकमधून हौद धुवायचं पाणी यायचं, आता ॲसिड यायला लागलं. शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक, फक्त गोमाला नाही. तो कामावर आला, हौदाशी उभा राहिला, आणि वरून नागूनं हाक दिली, गोमा, सतरा खोल. नागूच्या डोक्यात सतरा म्हणजे ॲसिड. गोमाच्या डोक्यात सतरा म्हणजे पाणी. पाटी होती तीच होती.

"आता सतरा म्हंजे पानी का तेजाब, मला काय सपान पडलं व्हतं?" गोमा म्हणाला. "माजा डोळा त्या कॉकनं नाय खाल्ला गं बाय. त्या पाटीनं खाल्ला. दादाला वाटतं त्याच्या हाकंनं खाल्ला."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण मागच्याला दगड कुठं आहे ते दिसायला तर हवं. इथं अकरा वर्षं सगळे मिळून दगडावर पानं टाकत होते, आणि मायेपोटी टाकत होते.

गोमानं मग तिला आपली खाचरं दाखवली, उगाच, पाहुण्याला दाखवतात तशी. खालची ती रुतणी, तिच्यात बैल जपून घालायचा. बांधाला लागून खडकी, तिथं नांगर उचलून धरायचा. वरची झऱ्याची. घरात नवा जावई आला तरी त्याला नावावरनं कळतं पाय कुठं घालायचा, असं म्हणाला, आणि एकदम थांबून त्यानं विचारलं, तू काय नाव ठेवलंस म्हणालीस? जिजानं सांगितलं. त्यानं ते स्वतःशी दोनदा घोळलं. मग म्हणाला की ठेव, हेच ठेव, दादाचं मी बघतो. कसं बघणार ते काही बोलला नाही. ठमीनं वाटेला करवंदं बांधून दिली.

तो आठवडा जिजाला कसा गेला ते तिलाच ठाऊक. नाव बदलायचं म्हणजे एका जागी बदलून भागत नाही. जिथं जिथं रडका लिहिला होता तिथं तिथं बदलायचा, एक जागा राहिली तरी यंत्र बोंबलतं. दीडशेच्या वर जागा होत्या. टिपणीस मोठ्यानं वाचायचे, ती टाइप करायची. पेंटर बोलावून तेवीस नव्या पाट्या रंगवल्या, मराठीत, ठसठशीत. शेडमधली माणसं कुरकुरली. रडक्याला रडका म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, असं एकानं विचारलं. म्हणा की आपापसांत, जिजा म्हणाली, फोनवर नाही. जनानं मात्र आपल्या डब्याच्या दांडीवरची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेतली, आणि इतकी वर्षं आपण भाकरी ॲसिडच्या पाइपाला अडकवत होतो हे कळल्यावर कपाळाला हात लावला. नागू सगळं बघत होता. बावीस नावं त्यानं आपल्या माणसांकडून घोकून घेतली. हौदाच्या अंगाच्या पाटीसमोरून जाताना तो मान खाली घालायचा.

शनिवारी मोठे मॅनेजर आले तेच घड्याळ बघत आले. जिजा फोनपाशी बसली. एकामागून एक फोन आले, ती घालत गेली. पाणी, विहीर, बॉयलर, उघडा. वाफ, बॉयलर, मोठं भांडं, बंद. बावीस झाले. मग फोन आला आणि पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. टिपणीस तिच्याकडं बघत होते, मॅनेजर टिपणीसांकडं. जिजाला मधे बोलायचा फार मोह झाला. काका, कळलं मला, बंद ना, असं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिनं ओठ दाबून धरले. गाळलेलं नाव तिनंच भरून दिलं असतं तर ते पुन्हा पल्याडचंच झालं असतं.

तेवढ्यात फोनमध्ये लांबून दुसरा आवाज आला. तो तिनं रविवारी आंब्याखाली ऐकला होता.

"बोल दादा. मी हाय ना हितं. बोल."

"ॲसिड," नागू म्हणाला. आवाज फाटला. त्यानं घसा खाकरला. "ॲसिड. वरची टाकी. हौद. बंद."

जिजानं घातलं. डोळ्यात पाणी आल्यामुळं तिला अक्षरं दिसत नव्हती, पण बोटांना पाठ होती. तिनं यंत्राला विचारलं आणि पडद्यावर आलं, भरा. टाकी भरली. हौदाच्या काठावर जना कमरेवर हात ठेवून, वर बघत, तयारीत उभी होती, पण तिच्या पायाशी थेंबही पडला नाही. मॅनेजरांनी आणखी दोनदा करून बघायला लावलं. एकदा मुद्दाम कॉक उघडा ठेवायला सांगितला, तेव्हा यंत्र म्हणालं, थांबा, आणि कुठला उघडा आहे ते पूर्ण नावानं सांगितलं. मॅनेजरांनी ते वाचलं, आणि हे मलाही कळतं की, असं जरा नवलानं म्हणाले. टिपणीसांना त्याच क्षणी उडी मारावीशी वाटली असणार, पण त्यांनी फक्त चष्मा पुसला. जिजाच्या कायमच्या कागदावर त्याच दुपारी सही झाली.

गोमा शेडमध्ये तासभर होता. त्यानं भावाबरोबर चहा घेतला, नव्या पाटीवरून आपली आखडलेली बोटं फिरवली, आणि दोनच्या एसटीनं गेला, राब भाजायचा राहिला होता. त्या दोघांत काय बोलणं झालं ते जिजाला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखा शेडला फोन लावला. नागूनं उचलला आणि जरा थांब म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं कोणाला तरी. जिजा कानाला फोन लावून बसली. लांबून, शेडच्या आवाजातून, नागूची वरून खाली दिलेली हाक तिला स्पष्ट ऐकू आली.

"पदू, ॲसिड-वरचीटाकी-हौद खोल. आईकलास ना? ॲसिड हाय त्यात. हौदातनं आधी भाईर ये, हातमोजे घाल, डोळ्यांवर चष्मा चढीव, आन मंग खोल."

पदूनं खालून ‘काय?’ म्हणून विचारलं. आणि नागूनं पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, नावासकट.